राउटरने घट्ट सांधा हवा असेल तर मोजणं कमी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अर्ध्या इंची कोलेटचा (बिट पकडणाऱ्या तोंडाचा) प्लंज राउटर (फिरतं पातं, म्हणजे बिट, वरून लाकडात उतरवून कापणारं यंत्र) घेतला, १८ मिमी प्लायचं पुस्तकांचं कपाट करायला काढलं आणि आडव्या फळ्यांच्या खोबणींसाठी १८ मिमीचंच स्ट्रेट बिट आणलं. आता काही फळ्या खोबणीत हलतात आणि दोन-तीन हातोडीशिवाय आत जात नाहीत. पुढच्या सागवानी चौकटीत कुसू (आडव्या लाकडाच्या टोकाची जीभ) उभ्या लाकडाच्या खाचेत बसतं, पण दर्शनी बाजूला उभं आणि आडवं लाकूड एका पातळीत येत नाही. अशा वेळी चांगला डिजिटल कॅलिपर घ्यावा की तयार जिग (राउटरला वाट आखून देणारा साचा) मागवावा, असं तुम्ही विचारलंय.

कॅलिपर घ्या, कामाला येतो. पण तुमच्या फटी त्याने बुजणार नाहीत. राउटरचं बळ वेगळं आहे. त्याला एकदा वाट आखून दिली की तो दहाव्यांदाही तीच वाट कापतो. म्हणून खोबण किंवा खाच, म्हणजे जी बाजू बिटाच्या मापाने ठरते आणि नंतर बदलता येत नाही, ती आधी कापायची. तिच्यात बसणारा तुकडा नंतर तिच्याच मापाने जुळवायचा. आणि प्लायसारखा तुकडाच आधीपासून ठरलेला असेल, तर खोबणीची रुंदी आकड्यावरून काढायची नाही, त्या तुकड्यावरूनच घ्यायची. पुढचं सगळं उत्तर एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे.

प्लायपासून सुरू करतो, कारण पहिली अडचण तिथे आहे. १८ मिमी हे दुकानातलं नाव आहे. प्रत्यक्षात एक शीट १७.३ भरते, दुसरी १८.२, आणि एकाच शीटच्या दोन टोकांतही दोन-तीन दशांश मिमीचा फरक सापडतो. त्यावर एका बाजूला १ मिमीचं लॅमिनेट चिकटवलं की गोंदाच्या थरासकट जाडी आणखी बदलते. बिटाचंही तेच. १८ मिमी म्हणून घेतलेलं बिट नवीन असताना थोडं जास्त कापतं, धार लावून आणलं की थोडं कमी. कोलेट किंचित वाकडा फिरत असेल तर खोबण बिटापेक्षा रुंद होते. म्हणजे बदलणारी फळी बदलणाऱ्या खोबणीत बसवायचा तो खटाटोप होता, आणि ज्या फळ्या बसल्या त्या नशिबाने बसल्या.

फळीच्या जाडीएवढं बिट घेऊच नका. १२ किंवा १२.७ मिमीचं बिट घ्या आणि खोबण दोन फेऱ्यांत हव्या त्या रुंदीची करा. बारीक बिटावर ताण कमी येतो, हातात राउटर शांत चालतो आणि रुंदी तुमच्या ताब्यात राहते.

बिट बसवण्याआधी कोलेट आणि शँकचं, म्हणजे बिटाच्या दांड्याचं, माप तपासा. आपल्या बाजारात ६ मिमी आणि पाव इंची (६.३५ मिमी), तसंच १२ मिमी आणि अर्धा इंची (१२.७ मिमी) अशा दोन्ही मापांच्या शँकची बिटं एकाच डब्यात विकली जातात. ६ मिमी शँक पाव इंची कोलेटमध्ये जाते, आवळल्यावर घट्टही वाटते, पण कोलेटची पकड तिच्यावर सगळीकडून बसत नाही. मिनिटाला वीस-बावीस हजार फेरे घेणारं बिट अशा पकडीतून सुटलं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. शँक पूर्ण आत ढकलायची, मग दोन-तीन मिमी मागे ओढायची आणि नंतर आवळायचं. तळाला टेकलेली शँक आवळताना नीट पकडली जात नाही. कोलेटच्या चिरांमध्ये साठलेला भुसा आणि राळ अधूनमधून ब्रशने काढा. खोबण सुरुवातीला ६ मिमी आणि शेवटी साडेसहा मिमी खोल निघत असेल, तर बहुतेक वेळा कोलेट झिजलेला असतो आणि बिट हळूहळू खाली सरकत असतं. नवा कोलेट घ्या, जास्त आवळून उपयोग नाही.

दुसरी तपासणी राउटरच्या बेसची. गोल बेसचा मध्य आणि बिटाचा मध्य एकच असतो असं आपण धरून चालतो, पण पाव-अर्ध्या मिमीचा फरक अगदी सर्रास आढळतो. एका टाकाऊ प्लायवर सरळ पट्टी क्लॅम्प करा. राउटरचा हँडल उजवीकडे ठेवून दोन इंचांची खोबण मारा. मग राउटर पाव फेरा फिरवून, पट्टीला बेसची दुसरी बाजू लावून, त्याच रेषेत पुढची दोन इंच मारा. असं चारही बाजूंनी करा. चार तुकडे एका सरळ रेषेत आले नाहीत तर तुमचा बेस मध्यावर नाही. त्याने काही बिघडत नाही. बेसवर मार्करने एक खूण करा आणि पट्टीला नेहमी तीच खूण लावून राउटर चालवा, म्हणजे तो फरक प्रत्येक फेरीत सारखाच राहतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये मनगट वळलं आणि बेस फिरला, की खोबण मध्येच रुंदावते. तुमच्या काही खोबणी एका टोकाला सैल आणि दुसऱ्या टोकाला घट्ट असतील तर कारण बहुधा हेच आहे.

आता दिशा. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. त्यामुळे राउटर स्वतःपासून दूर ढकलताना तो डावीकडे ओढ घेतो. म्हणून सरळ पट्टी राउटरच्या डाव्या हाताला हवी, म्हणजे ती ओढच राउटरला पट्टीशी दाबून ठेवते. पट्टी उजवीकडे असेल तर राउटर तिच्यापासून सुटायला बघतो आणि हात जरा ढिला पडला की खोबणीला पोट येतं. फळीच्या बाहेरच्या कडेवर चालणारा एज गाईड लावला असेल तर उलट. तो राउटरच्या उजव्या हाताला हवा, म्हणजे डावीकडची ओढ त्याला कडेवर घट्ट आणते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या वाकड्या खोबणी आपोआप थांबतात.

खोबण फळीच्या मापाची करण्याच्या दोन रीती सांगतो. दोन्हीत आकडा लागत नाही.

पहिल्या रीतीत डावीकडची एकच पट्टी आणि एक स्पेसर (मध्ये ठेवायची पातळ पट्टी) वापरायचा. पट्टी आणि राउटरच्या मध्ये स्पेसर ठेवून पहिली फेरी मारायची, मग स्पेसर काढून दुसरी. राउटर स्पेसरच्या जाडीएवढा डावीकडे सरकतो आणि खोबणीची डावी भिंत तेवढीच सोलून निघते. डावी भिंत सोलणं हे बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेचं, म्हणजे सुरक्षित कापणं आहे. क्रम उलटा केलात तर उजवी भिंत सोलताना बिट राउटरला पुढे खेचून नेतं, म्हणून स्पेसर पहिल्या फेरीलाच लावायचा.

स्पेसरची जाडी म्हणजे फळीची जाडी वजा बिटाने प्रत्यक्ष कापलेली रुंदी. ही वजाबाकी करायची नाही. टाकाऊ तुकड्यात त्याच बिटाने एकाच फेरीची खोबण मारा. त्या खोबणीत अंगठ्याच्या दाबाने सरकेल एवढी एक सागवानी पट्टी रंध्याने करून घ्या. ही झाली तुमच्या बिटाची खरी रुंदी, लाकडात उतरलेली. आता सपाट टेबलावर कपाटाच्या फळीचा तुकडा आडवा ठेवा. त्याच्या शेजारी ही पट्टी ठेवा आणि तिच्यावर होऊ घातलेला स्पेसर ठेवा. दोन्हींच्या वरच्या पृष्ठभागांवरून बोटाचं टोक आडवं फिरवा. स्पेसर वर असेल तर बोट अडतं, खाली असेल तर घसरतं. स्पेसरवरून रंध्याची एकेक पातळ साल काढत जा आणि बोटाला पायरी लागेनाशी झाली की थांबा. अर्ध्या दशांश मिमीची पायरीही बोटाच्या टोकाला सहज कळते, आणि स्वस्त कॅलिपरवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. स्पेसरवर त्या शीटची खूण लिहून ठेवा. दुसरी शीट कापायला घेतलीत की पुन्हा बोट फिरवून पाहा.

दुसरी रीत तुमच्या कपाटासाठी जास्त सोयीची. तिला दोन पट्ट्यांचा जिग आणि शँकवर बेअरिंग असलेलं पॅटर्न बिट लागतं. दोन सरळ पट्ट्या घ्या, एकीला खालून काटकोनात एक आडवी पट्टी पक्की करा. ती फळीच्या कडेला टेकते आणि खोबण गुण्यात (काटकोनात) राहते. जिग फळीवर ठेवायचा, पहिल्या पट्टीला कपाटाच्या फळीचाच तुकडा उभा टेकवायचा, दुसरी पट्टी त्याला भिडवून क्लॅम्प करायची आणि तुकडा काढून घ्यायचा. दोन पट्ट्यांमधली जागा आता फळीएवढीच आहे, कारण ती फळीनेच ठरवली. डाव्या पट्टीला बेअरिंग लावून दूर जायचं, उजव्या पट्टीला लावून परत यायचं. एवढ्यात खोबण तयार होते, आणि बेस मध्यावर आहे की नाही याचाही संबंध उरत नाही, कारण वाट आता बेअरिंग ठरवतं. वेगळ्या जाडीची फळी आली तर दुसरी पट्टी तिला भिडवून पुन्हा क्लॅम्प करायची, मिनिटभराचं काम आहे.

यात एक मेख आहे आणि ती पहिल्या दिवशी सगळ्यांना अडवते. बिटाची धार २५ मिमी लांब आणि खोबण ६ मिमी खोल असेल, तर बेअरिंग फळीच्या वर १९ मिमीवर येतं. पहिली फेरी ३ मिमीचीच मारत असाल तर २२ मिमीवर. पट्ट्या १८ मिमी प्लायच्या असतील तर बेअरिंगला टेकायला काहीच मिळत नाही आणि बिट थेट पट्टी खातं. म्हणून पट्ट्या १८ आणि ९ मिमी प्लाय एकमेकांवर चिकटवून २७ मिमीच्या करा, किंवा १२ मिमी धारेचं आखूड पॅटर्न बिट घ्या.

जिगची आडवी पट्टी पहिल्याच खोबणीत थोडी कापली जाते. ती कापलेली खाच जपा. पुढच्या वेळी ती खाच पेन्सिलीच्या खुणेवर आणली की खोबण नेमकी कुठे पडणार ते दिसतं. कपाटाच्या दोन्ही उभ्या बाजू मागची कड मागच्या कडेला भिडवून, आतले चेहरे वर ठेवून, शेजारी शेजारी क्लॅम्प करा आणि लांब जिगने दोन्हींमधून एकाच दमात खोबण न्या. मग फळी तिरपी बसण्याचा प्रश्नच येत नाही.

१८ मिमी बाजूत ६ मिमी खोल खोबण पुरते. एका फेरीत बिटाच्या व्यासाच्या निम्म्याहून खोल जाऊ नका, ३-३ मिमीच्या दोन फेऱ्या बऱ्या. प्रत्येक फेरीनंतर भुसा ओढून घ्या. बेसखाली सापडलेला एक कपचा राउटरला उचलतो आणि खोबणीच्या तळाला उंचवटा राहतो. मग फळीचं टोक तळाला पूर्ण टेकत नाही आणि आपण मात्र रुंदी चुकली म्हणून शोधत बसतो. प्लायचा वरचा पापुद्रा उपटत असेल तर खोबणीच्या दोन्ही रेषा आधी कटरने खोल आखा आणि बिट बाहेर पडतं त्या कडेला टाकाऊ तुकडा भिडवून ठेवा.

घट्ट म्हणजे नेमकं किती, यावर बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कोरडी फळी तळहाताच्या दाबाने आत गेली पाहिजे आणि उभी बाजू उलटी धरली तर फळी पडता कामा नये. हातोडी लागत असेल तर ती जास्त घट्ट आहे. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाण्यात असतो. तो लागला की लाकूड आणि प्लाय दोन्ही मिनिटभरात फुगू लागतात. कोरडी असताना हातोडीने बसणारी फळी गोंद लावल्यावर अर्ध्यात अडकते, आणि जी जाते ती कडांवरून गोंद खरवडत जाते, म्हणजे आतला सांधा कोराच राहतो. उलट, पांढरा गोंद फट भरून ताकद देत नाही. दोन पृष्ठभागांमध्ये कागदाएवढी, म्हणजे दशांश मिमीच्या आसपास जागा असली तर तो उत्तम धरतो. पुढे धर झपाट्याने कमी होते. जिग लावताना फळीच्या तुकड्यासोबत साध्या छपाईच्या कागदाचा एक तुकडा पट्टीत धरला तर हीच जागा मिळते. मऊ, भरड प्लायला मी कागद धरत नाही, लॅमिनेट लावलेल्या फळीला धरतो, कारण लॅमिनेट दबत नाही.

आता सागवानी चौकट. दर्शनी पातळी चुकते याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. खाच एका बाजूवरून मोजलेली असते आणि कुसू दुसऱ्या बाजूवरून. प्रत्येक लाकडाची दर्शनी बाजू ठरवा, तिच्यावर ठळक खूण करा, आणि त्या क्षणापासून प्रत्येक गाईड, प्रत्येक फेन्स (लाकूड टेकवायची सरळ पट्टी), प्रत्येक मार्किंग गेज त्या बाजूलाच लावा. उभं लाकूड २२.४ आणि आडवं २२ मिमी असलं तरी पुढची पातळी बरोबर येईल. फरक मागे जाईल आणि तिथे रंध्याने निघेल. खाच लाकडाच्या बरोबर मध्यावर आणण्याची धडपड सोडून द्या. मध्य कुणी पाहत नाही, पातळी सगळे पाहतात.

२२ मिमी जाडीला ८ मिमी रुंदीची खाच योग्य, म्हणजे साधारण एक तृतीयांश. खोली ३० मिमी. ८ मिमीचं वर भुसा फेकणारं स्पायरल बिट वापरा, कारण स्ट्रेट बिट खोल खाचेत भुसा कोंडून ठेवतं, तापतं आणि भिंत करपवतं. सागवानात सिलिका असते, त्यामुळे साध्या हायस्पीड स्टीलच्या बिटाची धार लवकर जाते. कार्बाइडचंच घ्या. २२ मिमीच्या कडेवर राउटर उभा राहत नाही, डगमगतो, आणि डगमगला की खाच वर रुंद आणि खाली अरुंद होते. म्हणून लाकूड दोन सरळ तुकड्यांच्या मध्ये धरून वरच्या कडा एका पातळीत आणा आणि क्लॅम्प करा, म्हणजे बेसला ऐसपैस जागा मिळते. खाचेच्या दोन टोकांना आधी सरळ खाली पूर्ण खोलीपर्यंत भोक पाडा, मग मधलं लाकूड ३-३ मिमीच्या फेऱ्यांनी काढा. प्रत्येक फेरी त्याच दिशेने मारा ज्या दिशेत दर्शनी बाजू आणि गाईड राउटरच्या उजव्या हाताला असतात. परतीच्या वेळी बिट वर उचला. जात-येत दोन्ही दिशांनी कापलं की भिंतीला लाटा पडतात.

कुसवासाठी माझा सल्ला असा की आडव्या लाकडावरच कुसू कोरू नका. आडव्या लाकडाच्या टोकातही तशीच खाच पाडा आणि दोन्हींत बसणारं सुटं कुसू वेगळ्या पट्टीतून करा. मी स्वतः चौकटीत जवळपास नेहमी हेच करतो. आडव्या लाकडावर कुसू कोरताना दोन्ही बाजूंनी लाकूड निघतं. बिट दशांश मिमी जास्त उंच राहिलं तर कुसू दोन दशांश बारीक होतं, आणि शिवाय आडव्या लाकडाच्या जाडीतला फरक कुसवात उतरतो. सुट्या कुसवात ही भानगड राहत नाही. दोन्ही खाचा एकाच बिटाने, एकाच गाईडच्या सेटिंगवर, दोन्ही दर्शनी बाजूंवरून पडलेल्या असतात, त्यामुळे पातळी आपोआप जुळते. राहतं फक्त पट्टीच्या जाडीचं काम.

ही पट्टी हातभर लांब, एकाच वेळी करा आणि जुळल्यावर तिचे तुकडे पाडा. लाकडाच्या नसा पट्टीच्या लांबीत धावल्या पाहिजेत. रंध्याने जाडी उतरवत आणा आणि प्रत्येक सालीनंतर टोक खाचेत घालून पाहा. आधी फक्त कोपरा शिरतो. मग टोक शिरून अडतं. शेवटच्या एक-दोन साली निघाल्या की पट्टी हाताच्या दाबाने सरकत जाते, आणि बाहेर ओढताना हवा आत शिरल्याचा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की हात थांबवा. बोटांनी नुसती ढकलून पट्टी तळापर्यंत गेली तर एक साल जास्त निघाली आहे. अशी पट्टी बाजूला ठेवा, दुसरी करा. टाकाऊ सागवानाची पट्टी स्वस्त आहे. भुसा आणि गोंदाचा लगदा भरून घट्टपणा आणण्याची सवय मात्र लावून घेऊ नका, त्या लगद्यात काही जोर नसतो.

घट्टपणा हवा तो कुसवाच्या रुंद गालांवर. तिथे लांबीच्या नसा एकमेकींना चिकटतात आणि सगळी ताकद तिथून येते. वरच्या-खालच्या अरुंद कडांना पाऊण-एक मिमी मोकळीक ठेवा. तिथे घट्ट बसवलं तर ताकद काही वाढत नाही आणि खाचेच्या टोकाला लाकूड चिरण्याची भीती असते. कुसवाच्या कडा राउटरच्या खाचेप्रमाणे गोल करायला कानस पुरते, किंवा कडा चौकोनी ठेवून थोड्या आत घ्या. खाचेच्या तळाशी दोन मिमी जागा रिकामी ठेवा आणि कुसवाच्या गालावर करवतीच्या पात्याने एक उथळ चर ओढा. भरलेल्या खाचेत घट्ट कुसू दाबलं की आतल्या गोंदाला जायला जागा नसते. कधी कुसू परत वर येतं, कधी लाकूड फाटतं.

सागवान तेलकट असतं. खाचा पाडल्या आणि आठवड्याने गोंद लावला तर धर कमी मिळते. त्याच दिवशी जोडा, किंवा लावण्याआधी कुसवाचे गाल ॲसिटोनने पुसून, सुकवून मगच गोंद लावा. आणि भुसा नाकात जाऊ देऊ नका. सागवानाच्या बारीक धुळीने अनेकांना शिंका आणि खाज येते. मास्क, चष्मा, आणि बिट बदलताना प्लग काढलेला, यात सूट नाही.

हवामानाचं सांगितल्याशिवाय सागवानाचं बोलणं पुरं होत नाही. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात लाकडाचा ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास उतरू शकतो आणि कोकणात, मुंबईत श्रावणात तेच लाकूड पंधरा-सोळा टक्क्यांवर जातं. सागवान या बाबतीत इतर लाकडांपेक्षा सोशिक आहे, तरी सपाट चिरलेल्या फळीची रुंदी ओलाव्याच्या दर टक्क्याला साधारण ०.१९ टक्के बदलते. ३०० मिमी रुंद पॅनलचा ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर ते साधारण २.८५ मिमीने फुगतं. म्हणून कपाटाच्या दारात सागवानी पॅनल घालणार असाल तर ते जाडीत खोबणीत नेटकं बसू द्या, पण रुंदीत दोन्ही बाजूंना मोकळीक ठेवा आणि खोबणीत गोंद अजिबात लावू नका. उन्हाळ्यात जोडत असाल तर मोकळीक जास्त, पावसाळ्यात कमी. पुण्यातल्या टिंबर मार्केटमधून चिरून आणलेलं लाकूड लगेच कापायला घेऊ नका. ज्या खोलीत काम चालणार तिथे आडव्या काठ्यांवर रचून दोन-तीन आठवडे राहू द्या. खाच मेमध्ये पाडायची आणि कुसू जुलैमध्ये करायचं, असं तर मुळीच नको. एका बसणीत जुळवलेला सांधा पुढेही जुळलेला राहतो, कारण दोन्ही लाकडं मग सोबतच फुगतात-आकसतात. प्लायची रुंदी मात्र ऋतूने जवळपास हलत नाही, म्हणून प्लायच्या कडेला सागवानी पट्टी उभी लावताना चिंता नसते.

खण करणार असाल तर डव्हटेलचं, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या दातांच्या सांध्याचं, दोन ओळींत. तयार जिगवर आंधळ्या (समोरून न दिसणाऱ्या) डव्हटेलचा घट्टपणा बिटाच्या खोलीने ठरतो. बिट खाली नेलं की सांधा घट्ट, वर घेतलं की सैल. १४ अंशांच्या बिटाला खोली ०.२ मिमीने वाढवली की साधारण ०.१ मिमी घट्टपणा वाढतो, तेव्हा बदल अगदी थोडा थोडा करा. डव्हटेल बिट पूर्ण खोलीवर एकाच फेरीत चालवावं लागतं, मध्येच वर उचलायचं नाही. उचललं की कापलेली खाच आणि बिट दोन्ही जातात.

राउटर टेबल असेल तर बारीक सरकवण्याची एक सोपी युक्ती आहे. फेन्सचं एक टोक सैल बोल्टवर फिरतं ठेवा आणि दुसरं टोक क्लॅम्प करा. बिट मध्यावर असेल तर क्लॅम्पचं टोक १ मिमी सरकवल्यावर बिटापाशी फेन्स अर्धाच मिमी सरकते. टोकाशी एक जाड कागद घालून काढला तरी बिटापाशी त्याच्या निम्मा फरक पडतो. महागडे मायक्रो-ॲडजस्टर मला या युक्तीपुढे कधी गरजेचे वाटले नाहीत. तयार जिगही आत्ता घेऊ नका. दोन पट्ट्यांचा जिग एका संध्याकाळी होतो आणि तो तुमच्याच राउटरला आणि तुमच्याच प्लायला जुळलेला असतो. पैसे घालायचेच असतील तर एका चांगल्या १२.७ मिमी पॅटर्न बिटात, एका ८ मिमी स्पायरल बिटात आणि चार मजबूत क्लॅम्पमध्ये घाला.

आता आधीच कापलेल्या खोबणींचं. बाजू फेकू नका. ज्या फळ्या घट्ट आहेत, त्यांच्या खालच्या तोंडाला टोकापासून ६ मिमीपर्यंत सपाट लाकडी ठोकळ्यावर ८० नंबरचा सॅंडपेपर ताणून घासा. दोन-चार घासण्या, मग बसवून पाहा. वरचं तोंड सोडा, ते दिसतं. ज्या सैल आहेत, त्यांच्या टोकाला खालूनच, अर्धा मिमीचं सागवानी व्हिनियर खोबणीच्या खोलीएवढ्या रुंदीत गोंदाने चिकटवा, क्लॅम्प करा, रात्रभर सुकू द्या आणि सकाळी त्याच ठोकळ्यावर घासून मापाला आणा. फळी वरच्या भिंतीला टेकलेली राहील आणि भर खाली लपेल. प्रत्येक फळीला आणि तिच्या खोबणीला एकच क्रमांक लिहा, कारण आता ती दुसऱ्या कुठल्याही खोबणीत बसणार नाही. सगळं एकदा गोंदाशिवाय उभं करा, कर्ण दोन्ही बाजूंनी मोजून सारखे आले की सुटं करा, आणि मग गोंदाची बाटली उघडा. मे महिन्याच्या दुपारी हे काम नको. पंख्याखाली पांढरा गोंद दहा मिनिटांच्या आत साय धरतो आणि आठ फळ्यांचं कपाट तेवढ्यात एकट्याने जोडून होत नाही. सकाळी लवकर, पंखा बंद, आणि दुसरी बाजू धरायला घरातलं एक माणूस सोबत असू द्या.